देव मानत नाही, तर वडिलांचा कद्दिश म्हणायचा की नाही?

मावशी, शालोम.

गेल्या पावसाळ्यात पप्पा गेले. मी ठाण्याचा, वय चौतीस, बेने इस्राएल यहुदी. दर शब्बाथला सिनेगॉगमध्ये उभा राहून पप्पांचा कद्दिश म्हणतो. अडचण अशी की कॉलेजात होतो तेव्हापासून देव आहे असं मला वाटत नाही. पप्पांना हे माहीत होतं, पण ते कधी वाद घालत बसले नाहीत. परवा अश्दोदहून चुलतभावाचा फोन आला होता, तेव्हा बोलता बोलता त्यालाही सांगितलं. तो भडकला. म्हणाला, "देवावर विश्वास ठेवणं ही ६१३ आज्ञांमधली पहिली आज्ञा. तीच तू पाळत नाहीस, मग बाकीचं सगळं वाया. तुझा कद्दिश काकांना पोचत नाही, आणि तुला मिन्यानमध्ये धरणंही चुकीचं." आमच्याकडे कित्येक शनिवारी मला धरून कसेबसे दहा होतात. मी गेलो नाही तर सगळ्यांचंच अडतं, आणि गेलो तर नाटक करतोय असं वाटत राहतं. आईजवळ हे बोलता येत नाही. विश्वास ठेवणं ही खरंच आज्ञा आहे का? कद्दिश थांबवू का?

— एक वाचक, ठाणे

शालोम बाळा,

पप्पांबद्दल वाचून वाईट वाटलं. मुलाचं मन माहीत असूनही त्याला टोचून न बोलणारे वडील सगळ्यांच्या वाट्याला येत नाहीत.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण येत्या शनिवारी तुला निर्णय घ्यायचा आहे. कद्दिश थांबवू नकोस. मिन्यान सोडू नकोस. (आपल्यातले नसलेल्या वाचकांसाठी सांगते: आईबाप गेल्यावर मुलगा जमातीसमोर उभा राहून जी प्रार्थना म्हणतो ती कद्दिश, बहुतेक ठिकाणी अकरा महिने म्हणतात. मिन्यान म्हणजे त्यासाठी लागणारे किमान दहा जण.) हे मी तुझं मन राखायला म्हणत नाही. धर्मशास्त्र उघडून पाहिलं तरी हेच उत्तर येतं असं मला मनापासून वाटतं, म्हणून म्हणते.

आता पहिला प्रश्न. तुझ्या भावाने जे सांगितलं ते त्याने मनाने रचलेलं नाही. त्याच्या पाठीशी फार मोठा माणूस उभा आहे. मोशे बेन मायमोन, म्हणजे मायमोनिडीज, ११३८ साली स्पेनमधल्या कॉर्डोबात जन्मले आणि १२०४ साली इजिप्तमध्ये वारले. वैद्यकी सांभाळून त्यांनी आपल्या धर्मशास्त्राची जी मांडणी केली, तिच्याशिवाय आजही कोणा रब्बीचं पान हलत नाही. तालमूदमध्ये, म्हणजे जुन्या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, रब्बी सिमलाई सांगतात की संदेष्टा मोशेला ६१३ आज्ञा मिळाल्या: ३६५ 'करू नको' अशा, वर्षाच्या दिवसांइतक्या, आणि २४८ 'कर' अशा, शरीराच्या अवयवांइतक्या. पण त्या ६१३ कोणत्या, याची यादी तालमूद देत नाही. पुढच्या विद्वानांनी आपापल्या याद्या केल्या. मायमोनिडीजच्या यादीत 'कर' या बाजूची पहिली आज्ञा हीच आहे: सगळ्याचं आदिकारण असलेला देव आहे हे मान. त्यांच्या मोठ्या धर्मसंहितेचं पहिलं वाक्यही तेच. तेव्हा भावाला 'तू काहीतरी खोटं बोललास' असं म्हणू नकोस. तो बोलला ते एक मत आहे, आणि जड मत आहे.

पण ते एकच मत नाही. हे त्याने तुला सांगितलं नाही. कदाचित त्यालाही कोणी सांगितलं नसेल.

तोरातल्या, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांतल्या, निर्गमाचा विसावा अध्याय काढ. दहा वचनांची सुरुवात अशी: मी परमेश्वर तुझा देव, ज्याने तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणलं. पुन्हा वाच. यात हुकूम कुठे आहे? पुढे सगळे हुकूम आहेत: दुसरे देव मानू नको, शब्बाथ पाळ, आईबापाचा मान राख, खून करू नको. पहिल्या वाक्यात मात्र देव फक्त आपली ओळख सांगतो. 'माझ्यावर विश्वास ठेव' असं तो तिथे म्हणत नाही. मायमोनिडीजने हे वाक्य आज्ञा म्हणून का धरलं, त्याला आधार आहे. राव हमनुना तालमूदमध्ये म्हणतात की 'तोरा' या शब्दाच्या अक्षरांची किंमत (हिब्रूत प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो) ६११ भरते. तेवढ्या आज्ञा मोशेकडून मिळाल्या आणि पहिली दोन वचनं लोकांनी थेट देवाच्या तोंडून ऐकली, असे मिळून ६१३. पहिलं वचन मोजणीत धरलंय, म्हणजे तीही आज्ञाच, असा त्यांचा हिशेब.

त्यांच्याही आधी, बाबेलमधल्या गाओनांच्या, म्हणजे तिथल्या धर्मपाठशाळांच्या प्रमुखांच्या, काळात झालेली 'हलाखोत गदोलोत' नावाची एक संहिता आहे. ६१३ ची ओळीने यादी करण्याचा पहिला मोठा प्रयत्न तिच्यात आहे. तिने देवावरच्या विश्वासाला आज्ञांमध्ये मोजलेलंच नाही. तिची बाजू पुढे तेराव्या शतकात जिरोनाच्या नाखमानिडीजनी समजावून सांगितली, आणि त्यासाठी जुन्या मिद्राशमधली, म्हणजे तोरावरच्या रब्बींच्या विवेचनातली, एक गोष्ट घेतली. एक राजा एका नव्या मुलखात आला. लोक म्हणाले, आम्हाला कायदे घालून दे. राजा म्हणाला, आधी मला राजा म्हणून कबूल करा, मग कायदे. राजाच कबूल नसेल तर त्याचे कायदे कोण पाळणार? म्हणजे देवाला मानणं हा कायद्यातला एक कायदा नव्हे, तो सगळ्या कायद्यांच्या आधी आहे. (स्वतः नाखमानिडीज आपल्या तोराभाष्यात पहिल्या वचनाला आज्ञाच म्हणतात. एकच माणूस दोन्ही बाजू इतक्या आदराने मांडतो, हे मला फार मोलाचं वाटतं.)

आणि मग हस्दाई क्रेस्कास. बाळा, या माणसाजवळ मी तुला थोडा वेळ बसवणार आहे.

क्रेस्कास आरागॉनच्या राज्यातले रब्बी, बार्सिलोनाचे, पुढे सारागोसाचे. १३९१ साली स्पेनभर यहुद्यांच्या कत्तली झाल्या. हजारो मारले गेले, हजारोंना बळजबरीने बाप्तिस्मा दिला. बार्सिलोनात क्रेस्कासांचा एकुलता एक मुलगा मारला गेला. त्या बापाने नंतरची वर्षं मोडलेल्या जमाती उभ्या करण्यात घालवली, आणि १४१० साली आपला मोठा ग्रंथ पुरा केला. मायमोनिडीजना त्यात त्यांनी तोंडावर विरोध केला आहे. ते म्हणतात, देव आहे असं मानणं ही आज्ञा असूच शकत नाही. एक कारण राजाच्या गोष्टीसारखंच: आज्ञा म्हटली की ती देणारा आधीच मान्य असावा लागतो. जो मान्यच नाही, त्याच्या 'मला मान' या आज्ञेला अर्थ काय? दुसरं कारण तुझ्या पत्राच्या फार जवळचं आहे. माणसाला आज्ञा देता येते ती त्याच्या हातातल्या गोष्टीची. विश्वास हातातला नसतो. 'भूक लागू दे' असा हुकूम कोणाला देता येत नाही, तसंच हे. पटलेलं माणसाला न पटलेलं करता येत नाही, आणि न पटलेलं जबरदस्तीने पटवूनही घेता येत नाही. ज्याच्या डोळ्यांदेखत लोकांना तलवारीखाली दुसरा धर्म 'मानायला' लावलं गेलं, त्या माणसाने हे लिहिलं आहे. म्हणून मला ते नुसतं तर्कशास्त्र वाटत नाही.

पण इथे एक सांगते, नाहीतर मी तुझी फसवणूक केल्यासारखं होईल. क्रेस्कास नास्तिक नव्हते. त्यांच्या लेखी देव इतका पायाभूत होता की त्याला यादीतला पहिला नंबर देणंही त्यांना कमी वाटलं. 'आज्ञा नाही, म्हणजे मानलं नाही तरी चालतं,' असं त्यांच्या तोंडी घालू नकोस. तुला त्यांच्याकडून एवढंच मिळतं की मनात काय उगवलं आणि काय नाही, याबद्दल तुझ्यावर आज्ञाभंगाचा गुन्हा लागत नाही. माझ्या मते तेवढं खूप आहे.

पुढे बर्लिनच्या मोझेस मेंडेल्सोननी १७८३ साली आणखी स्पष्टच लिहिलं की मोशेच्या धर्मशास्त्रात 'विश्वास ठेव' असा एकही हुकूम नाही, सगळे हुकूम कर किंवा करू नको असेच आहेत. पारंपरिक रब्बींना मेंडेल्सोन चालत नाहीत, म्हणून मी त्यांच्यावर भर देत नाही.

भावाच्या बाजूचं सगळ्यात कडक मतही तुला माहीत असावं. १९४१ साली लिथुआनियात मारले गेलेले रब्बी एल्खानान वासरमान यांनी हाच प्रश्न विचारला होता: तेरा वर्षांच्या मुलावर विश्वासाची आज्ञा कशी घालता येईल, जेव्हा मोठमोठे तत्त्वज्ञ तिथे अडखळले? त्यांचं उत्तर असं की निर्मात्याचं असणं उघड आहे. माणसाला ते दिसत नाही कारण त्याच्या वासना त्याच्या बुद्धीला लाच देतात. त्या माणसाच्या मरणापुढे मी मान खाली घालते. तरी हे उत्तर मला पटत नाही, आणि ते तुला लागू करायला मी मुळीच तयार नाही. वासनेसाठी देव सोडणारा माणूस शनिवारी सकाळी उठून बापाच्या नावाने उभा राहायला सिनेगॉगमध्ये येत नाही. तुझ्यापुरतं मला सोळाव्या शतकातल्या कैरोचे रब्बी दावीद इब्न झिम्रा जवळचे वाटतात. त्यांचा निर्णय आहे की प्रामाणिक विचार करून एखादा माणूस धर्माच्या मूळ गोष्टीतही चुकला, तरी त्याला धर्म नाकारणारा म्हणू नये; त्याचा विचारच त्याला तिथे घेऊन गेला, त्याचा नाइलाज आहे.

आता मिन्यान. दहाच माणसं का लागतात, हे तुला कोणी सांगितलंय का? तालमूद हा आकडा तोरातल्याच गणना या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायातून काढतं. मोशेने कनान देश पाहायला बारा हेर पाठवले. यहोशवा आणि कालेब सोडून बाकीचे दहा घाबरून परत आले, म्हणाले, हे आपल्याच्याने होणार नाही. देव त्या दहांना 'ही दुष्ट मंडळी' म्हणतो, आणि त्या शब्दावरून ठरलं की मंडळी म्हणजे दहा. त्याच अध्यायात देव विचारतो, हे लोक कुठवर माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत? ज्या दहांवरून आपण मिन्यान मोजायला शिकलो, ते दहाही अविश्वासी होते! विसाव्या शतकातले न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी याच आधारावर सांगितलं की ज्यांना कडक लोक बाहेर ठेवतील अशांनाही कद्दिशसाठी दहांत मोजता येतं. योसेफ कारोंच्या शुल्खान आरुख या धर्मसंहितेतही आहे की पाप केलेला माणूस, त्याच्यावर बहिष्कार नसेल तर, मिन्यानमध्ये धरला जातो. याहून कडक मतं आहेत, आणि तुमच्याकडे कोणाचं मत चालतं ते तुमचे हजान (प्रार्थना चालवणारे) सांगतील. पण 'धरणं चुकीचं' हे भावाने ज्या ठामपणे म्हटलं, तेवढा ठामपणा शास्त्रात नाही.

कद्दिश पोचतो का, याला मी पुराव्याने उत्तर देऊ शकत नाही. मी मानते की पोचतो. आपल्याकडे रब्बी अकिवांची गोष्ट सांगतात. मेल्यावर यातना भोगणारा एक माणूस त्यांना भेटला. त्याचा मुलगा अक्षरशत्रू, त्याची सुंतादेखील झालेली नव्हती. अकिवांनी त्याला शोधून शिकवलं, जमातीपुढे उभं केलं, आणि लोकांनी त्याला प्रतिसाद दिला तेव्हा बाप सुटला. 'तू देव मानतोस का' असं गोष्टीत त्या मुलाला कोणी विचारत नाही. जमातीने उत्तर द्यावं म्हणून कोणीतरी उभं राहावं लागतं, तेवढं तो करतो. तूही तेच करतोस. तू उभा राहतोस म्हणून नऊ जणांना 'येहे शमेह रब्बा' म्हणता येतं, आणि त्या नऊ जणांतही कोणाकोणाचे आईबाप गेलेले असतील.

आपल्या पूर्वजांचंही आठवून बघ. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी आपली कथा. ग्रंथ बुडाले. पुढे कित्येक पिढ्या आपण कोकणात तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद म्हणून 'शनिवार तेली' नाव पडलं. मायमोनिडीजची यादी कोणी पाहिली नव्हती. सुंता, शब्बाथ, मासळीचे नियम आणि तोंडी राहिलेली शेमाची एक प्रार्थना, एवढीच शिदोरी. दावीद राहाबी नावाचे यहुदी धर्मशिक्षक आले तेव्हा त्यांनी आपल्याला पारखलं कसं, तर बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेवून. त्यांनी खवले आणि पर असलेली तेवढी वेगळी काढली. आणि १९६२ साली इस्राएलमध्ये रब्बींच्या मंडळाने आपल्या लोकांची लग्नं लावण्याआधी चौकशीचे निर्देश काढले, तेव्हाही चौकशी आजी-पणजीची होती. त्यासाठी आपल्या माणसांना जेरुसलेममध्ये धरणं धरावं लागलं, आणि १९६४ साली आपल्या समाजाचं नाव त्या निर्देशांतून निघालं. माशाने पारखलं, वंशाने पारखलं, पण 'तुमच्या मनात देव आहे ना' असं दोन्ही वेळा कोणी विचारलं नाही. आपले पूर्वज नास्तिक होते असं मला सुचवायचं नाही, शेमा त्यांच्या ओठावर मरेपर्यंत होता. पण ते टिकले ते करत राहिल्यामुळे.

राहता राहिलं ते 'नाटक'. हा तुझ्या पत्रातला सगळ्यात खरा भाग आहे, आणि त्यावर 'जाऊ दे रे' म्हणणार नाही. खोटं बोलू नकोसच. तालमूदमध्ये योमा या भागात आहे: मोशेने देवाला थोर, पराक्रमी आणि भयप्रद म्हटलं होतं. यिर्मयाने मंदिरात परके धुडगूस घालताना पाहिले आणि प्रार्थनेतून 'भयप्रद' गाळलं. दानीएलने आपले लोक गुलामीत पाहिले आणि 'पराक्रमी' गाळलं. मोशेने घालून दिलेले शब्द त्यांनी गाळले कसे? उत्तर दिलंय की देव सत्यप्रिय आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्याच्याबद्दल ते खोटं बोलले नाहीत. आपल्या संदेष्ट्यांना जे चाललं ते तुला चालेल. 'यिग्दल'मध्ये मायमोनिडीजची तेरा तत्त्वं गायली जातात; ती तुझ्या गळ्यातून उतरत नसतील तर सगळ्यांबरोबर उभा राहा आणि गप्प राहा. कोणी वळून पाहणार नाही.

कद्दिशची गोष्ट वेगळी आहे. त्याचा अर्थ कधी शांतपणे वाचला आहेस का? त्यात मरणाचं नाव नाही, आणि 'मी मानतो' असंही कुठे नाही. त्याने आपल्या इच्छेने घडवलेल्या जगात त्याचं महान नाव थोर व पवित्र मानलं जावं, त्याचं राज्य यावं, आणि आम्हा सगळ्यांना शांती लाभावी. पहिल्यापासून शेवटपर्यंत ती इच्छा आहे. पप्पांची ती इच्छा होती, आणि ते आता ती म्हणू शकत नाहीत. त्यांच्या जागी तू म्हणतोस. यात मला तरी नाटक दिसत नाही. आईबापाचा मान राखणं मात्र नक्की आज्ञा आहे, त्यावर मायमोनिडीज आणि क्रेस्कास यांचं भांडण नाही.

आता तू काय करावंस. मायमोनिडीजना अगदीच बाजूला टाकू नकोस. आपल्या संहितेत ते या आज्ञेला 'जाणणं' म्हणतात, आणि जाणण्यासाठी वाचावं लागतं. कद्दिशचे महिने पुरे होईपर्यंत आठवड्यातून एकदा थोडं वाच, त्यांचंही आणि क्रेस्कासांचंही. जेरुसलेमच्या तालमूदमध्ये देवाच्या तोंडी असं घातलंय की त्यांनी मला सोडलं असतं तरी चाललं असतं, पण माझी तोरा पाळली असती तर बरं झालं असतं. तोराच त्यांना परत घेऊन आली असती. परत येशील की नाही हे मी विचारत नाही, आणि वाचून झाल्यावर मला हिशेबही देऊ नकोस. पण न वाचता नाकारणं तुझ्यासारख्या मुलाला शोभत नाही.

आईशी बोल, पण आत्ताच नको. वर्ष होऊ दे. पप्पांना माहीत होतं म्हणजे तिलाही बहुधा माहीत आहे. ती तुला शनिवारी घरातून निघताना पाहते, तेवढं सध्या तिला पुरेसं असेल.

भावाला फोन कर. त्याच्याशी वाद जिंकायला जाऊ नकोस. काका गेल्याचं दुःख त्यालाही आहे आणि अश्दोदमध्ये बसून त्याला कद्दिशला उभं राहायची संधी नाही मिळाली. त्याला सांग की मायमोनिडीज त्याच्या बाजूने आहेत, आणि क्रेस्कासांचं नाव दे, म्हणजे तोही पाहील. आणि तो मुंबईला आला की एका शनिवारी त्याला ठाण्याला घेऊन जा. तुमच्याकडे कसेबसे दहा होतात ना, तो अकरावा होईल.

तुझी,
मावशी